भुलाबाईची रेकॉर्ड आणि तीन पिनांची वायर

पार्सल उघडलं आणि देवानंद मापारी यांना धक्काच बसला. वायरीच्या टोकाला तीन पिना होत्या, आणि ज्या डबीत ती खुपसायची त्या डबीला तिच्यासाठी भोक होतं एक, तेही गोल. देवानंदरावांनी वायर उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली, शेवटी चष्मा पुसून पाहिली. पिना तीनच.

"जरा जोर लावा ना," स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीचा, निताताईंचा आवाज आला. कोणतीही वस्तू जोर लावला की बसते, असं निताताईंचं ठाम मत आहे. कुकरच्या झाकणाबाबत ते खरंही आहे.

"जोर लावाची गोष्ट नाही हे! बॅलन्स्ड वायर आहे ही!"

"मंग याच्या आंधीची कोणती व्हती?"

"अनबॅलन्स्ड."

"बरं," निताताई म्हणाल्या, आणि फोडणी दिली. पुढचं बोलणं त्या चरचरीत गेलं, ते बरंच झालं.

आता सोयाबीनच्या ऐन हंगामात, सगळं रिसोड धान्याच्या मोंढ्याकडे धावत असताना, कचेरीच्या आवक-जावक टेबलावरच्या एका सभ्य माणसाला ही वायर कुठून सुचली, असं कोणी विचारील. विचारलंही. सगळ्या पुष्पांजली कॉलनीने विचारलं. पण देवानंदरावांना हौस म्हणून हे सुचलेलं नव्हतं. त्यांचे वडील नानाजी त्र्याऐंशी वर्षांचे. त्यांचा एक कान केव्हाच गेलेला, दुसरा मशीन लावून चालायचा. श्रावणात अकोल्याच्या डॉक्टरांनी तो कान तपासला आणि देवानंदरावांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की, यांना जे काही ऐकवायचं असेल ते दिवाळीच्या आत ऐकवून घ्या. "काय म्हने डाक्टर?" नानाजींनी बाहेर आल्यावर विचारलं. "सगळं बेस आहे म्हने," देवानंदराव म्हणाले, आणि रिसोड येईपर्यंत एसटीच्या खिडकीबाहेर बघत बसले.

नानाजींना ऐकवायचं होतं एकच. सुंदरबाईंचा आवाज. देवानंदरावांची आई जाऊन चार वर्षं झाली होती. मोबाइलमध्ये तिचे फोटो होते, पण आवाज कुठेच नव्हता. होता तो फक्त एका काळ्या तबकडीवर. पन्नास वर्षांमागे गावातल्या सहा बाया नागपूरला गेल्या होत्या आणि कुण्या कंपनीने त्यांच्याकडून भुलाबाईची, म्हणजे वऱ्हाडातल्या भोंडल्याची, गाणी म्हणवून घेतली होती. पुठ्ठ्यावर सहा नावं छापलेली, त्यात तिसरं नाव सौ. सुंदरबाई मापारी. "माही रेकॉर्ड निघाली आहे," हे वाक्य तिने जन्मभर अभिमानानं म्हटलं. घरात रेकॉर्ड होती, पण वाजवायचं यंत्र कधी आलं नाही, म्हणून ती लोखंडी पेटीत साड्यांच्या घडीत राहिली. तरी देवानंदरावांनी कचेरीत, लग्नकार्यात, एकदा तर रक्त तपासायला गेले असतानासुद्धा, आपली आई गायिका होती हे सांगितलेलं होतं.

तर यंत्र आलं. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने, प्रज्वलने पाठवलं. सुई तबकडीवर टेकली, बायांचा आवाज आला, आणि त्याच्याखाली आला एक सलग, जाड, न थांबणारा "घुंईंईं". तुम्हा-आम्हाला तो चालला असता. पण नानाजींच्या कानातलं मशीन लहान आवाज मोठा करतं, आणि मोठा करताना गाणं कोणतं आणि घुंई कोणती असा भेदभाव ते करत नाही.

नानाजींनी कान पुढे करून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "देवा, आंधी मोटार बंद कर, मंग गानं लाव."

"नानाजी, मोटार बंदच आहे!"

"मंग हे काय वाजून राह्यलं?"

देवानंदरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

उपाय सांगायला कॉलनी तयारच होती. समोरच्या तुळसाबाई म्हणाल्या, तबकडी कोमट पाण्यानं धुवा. निताताई म्हणाल्या, घुंई लाइनीचीच असंल, तर लाइन गेल्यावर लावा. लाइन गेल्यावर इन्व्हर्टरवर लावली, तर घुंईने असा काही सूर धरला की शेजारचं कुत्रं उठून बसलं. निवृत्त विज्ञान शिक्षक मोहनसिंग सर रोज संध्याकाळी चहाला येऊन "मूळ शोधा, मूळ" एवढंच म्हणत आणि चहा संपला की जात.

मूळ शोधलं प्रज्वलने, फोनवरून. सुईतून निघणारा आवाज इतका बारीक असतो की तो वाढवायला मध्ये एक डबी लागते, तिला फोनो प्रीअ‍ॅम्प म्हणतात. यंत्रापासून डबीपर्यंतच्या वायरीत जो काही लाइनीचा कचरा शिरेल, तोही डबी तेवढ्याच मायेने वाढवते. "आणि बाबा, आपली वायर अनबॅलन्स्ड आहे. तिच्यात मधोमध एकच तार. आवाज त्या तारेनं जातो, आणि परत येतो बाहेरच्या जाळीतून. तीच जाळी कचरा अडवायलाही ठेवलेली."

देवानंदराव खुर्चीतून उठले. "म्हंजे आवक आन् जावक एकाच रजिस्टरात?"

"तसंच समजा."

"आन् पहारेकरीही तोच?"

"हो."

सव्वीस वर्षं आवक वेगळी आणि जावक वेगळी ठेवलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, ते दुसऱ्या कारकुनालाच कळेल. आपल्या घरात, आपल्या आईच्या गाण्याबाबत असा कारभार चालावा! प्रज्वलने पुढे सांगितलं की बॅलन्स्ड वायरीत आत दोन तारा असतात, एकमेकींना पीळ दिलेल्या, आणि जाळी वेगळी, फक्त पहाऱ्याला. लाइनीची घुंई दोन्ही तारांवर सारखीच पडते; गाणं मात्र एकीत सुलटं आणि दुसरीत उलटं जातं. डबी दोन्ही तारा ताडून बघते, जे दोन्हींत सारखं ते कापून टाकते, आणि उरतं ते गाणं.

"दोन प्रती ताडून पाह्याच्या!" देवानंदराव म्हणाले. हे तर ते रोजच करत होते. त्यांनी त्याच दिवशी डाव्या-उजव्या बाजूंसाठी वायरींची जोडी मागवली. मोहनसिंग सर म्हणाले, "मी हेच म्हणत होतो." ते म्हणत नव्हते.

आणि मग आल्या त्या तीन पिना. जुन्या डबीला दोन प्रती घ्यायची सोयच नव्हती. म्हणजे आता तीन पिना घेणारी नवी डबी मागवा. ती आली तर पुढचा धक्का. डबीकडचं टोक जमलं, पण यंत्राच्या पाठीमागे पुन्हा तीच गोल भोकं! आता यंत्राचं पोट उघडून आतल्या चार केसाएवढ्या तारा, दोन उजव्या बाजूच्या आणि दोन डाव्या, सरळ नव्या वायरींना जोडायच्या. "तिकडे कोणी चांगला डाग देणारा, सोल्डरिंगवाला आहे का?" प्रज्वलने विचारलं.

रिसोडात चांगला डाग देणारा म्हणजे बाबूसिंग. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. तालुक्यातल्या अर्ध्या विहिरींचं पाणी त्याच्या हातानं वर चढतं. तो आला, यंत्राकडे न बघता आधी भिंतीतलं सॉकेट उघडलं, आत डोकावला आणि जोरात हसला. "साहेब, तुमच्या घराले अर्थिंगच नाही! वायर कायले बदलून राह्यले? आंधी खड्डा करा."

"खड्डा?"

"आंगनात. कोयसा, मीठ, वरतून पानी. घुंई नाही गेली तं बाबूसिंग नाव नाही सांगनार."

दुसऱ्या दिवशी देवानंदराव कचेरीत असताना बाबूसिंगने खड्डा सुरू केला. कमरेएवढा खोल गेल्यावर पहार कशावर तरी आपटली. बाबूसिंगला वाटलं दगड. त्याने आणखी जोर लावला. निताताईंचाही त्याला पाठिंबा होता. तो दगड नव्हता, कॉलनीची पाण्याची पाइपलाइन होती. खड्डा आपोआप भरला, अंगण भरलं, आणि ज्या गल्लीत नळ सहा दिवसांनी यायचा त्या गल्लीतून पाणी ओढ्यासारखं वाहत मोंढ्याच्या रस्त्याला लागलं. बाबूसिंग काठावर उभा राहून म्हणाला, "पानी तं लय भारी लागलं, साहेबाले सांगा."

त्या पाळीचं पाणी कॉलनीला मिळालंच नाही. पाचव्या दिवशी देवानंदराव टेबलावरचं टपाल फोडत होते. एक अर्ज निघाला. विषय: पुष्पांजली कॉलनीतील एका बेजबाबदार इसमाने गाणे ऐकण्यासाठी सार्वजनिक नळयोजनेस भोक पाडल्याबाबत. प्रत माहिती व कार्यवाहीस्तव कचेरीला. खाली एकतीस सह्या.

देवानंदरावांची कानशिलं तापली. बेजबाबदार इसम! त्यांनी शिक्का उचलला, शाईवर दाबला आणि आपल्याच विरुद्धच्या अर्जावर आवक मारला. क्रमांक दिला. तारीख टाकली. कर्तव्य म्हणजे कर्तव्य. मग सह्या वाचल्या. पहिली तुळसाबाईंची. दुसरी मोहनसिंग सरांची, इंग्रजीत. आणि तिसरी, अगदी ओळखीच्या गोल अक्षरात, सौ. निता देवानंद मापारी.

"तू सही केली?" घरी येऊन ते कसेबसे म्हणाले.

"मंग?" निताताई म्हणाल्या. "पानी काय माह्या घरी येऊन राह्यलं व्हतं?"

देवानंदरावांनी स्वतः उभं राहून पाइप जोडून खड्डा बुजवून घेतला, गल्लीत घरोघर जाऊन हात जोडले आणि प्रायश्चित्त म्हणून सगळ्यांना रविवारी चार वाजता रेकॉर्ड ऐकायला बोलावलं. भुलाबाईचे दिवस चाललेच होते. निताताईंनी खिरापत करायची, डब्यात काय आहे ते सगळ्यांनी ओळखायचं, आणि सुंदरबाईंची गाणी नानाजींच्या साक्षीने ऐकायची.

रविवारी सकाळी बाबूसिंग डाग द्यायला बसला. मोटारीची जाड वेटोळी जोडणारी त्याची सोल्डरिंग गन तिथे चालेना, म्हणून तो शेजारच्या मोबाइलवाल्याची बारीक गन घेऊन आला. चारही तारा जोडल्या. लावून पाहिलं तर गाणं आलं, घुंई नव्हती, पण त्याला आवाज जरा दबका वाटला. आता आपल्याकडे वावरातली मोटार चालू झाली आणि पाणी चढलं नाही, तर ती उलटी फिरतेय हे शेंबडं पोरही सांगतं. अशा वेळी दोन वायरी पलटवायच्या, मोटार सुलटी फिरते आणि पाणी चढतं. बाबूसिंगने आयुष्यात हजारो वेळा हे केलं होतं. त्याने डाव्या बाजूच्या दोन तारा पलटवल्या. मोहनसिंग सरांनी मान डोलावली. तेवढ्यात लाइन गेली, आणि पुन्हा लावून बघायचं राहिलं.

चार वाजता लाइन आली. ओसरीवर सतरंज्या, बाया, लेकरं, मोहनसिंग सर खुर्चीवर. नानाजी स्पीकरला लागून, मशीनचा कान त्याच्याकडे करून. स्पीकर एकच होता, दोन्ही बाजूंचा आवाज त्याच्यातच एक होऊन यायचा. देवानंदरावांनी चार वाक्यांचं भाषण केलं. त्यात "माझी आई गायिका" हे तीनदा आलं. मग त्यांनी सुई ठेवली.

काहीच नाही.

म्हणजे चट् चट् असा तबकडीचा आवाज होता. घुंई तर नावालाही नव्हती. पण गाणंही नव्हतं. तबकडी फिरत होती, सुई पुढे सरकत होती, आणि सहा बाया पार नाहीशा झाल्या होत्या.

"लावली काय?" नानाजींनी विचारलं.

देवानंदरावांनी नानाजींच्या मशीनकडे पाहिलं. गेला. दिवाळीच्या आधीच कान गेला. मग त्यांनी बाकीच्यांची तोंडं पाहिली. सगळेच एकमेकांकडे बघत होते.

"तुमालेही आयकू नाही येत काय?" नानाजी म्हणाले. "मंग बरं आहे बापा. मले वाटलं माहंच गेलं."

लोक हसले. देवानंदरावांना हसू आलं नाही. महिनाभराची धडपड, कॉलनीचं पाणी, आपल्याच हातानं मारलेला शिक्का, आणि शेवटी आईला त्यांनी स्वतःच पुसून टाकलं होतं. त्यांनी प्रज्वलला फोन लावला.

"बाबा, कोणी एखाद्या बाजूच्या दोन तारा उलट्या केल्या का?"

"उलट्या कायले करन मी?" बाबूसिंग भडकला. "सुलट्या केल्या! पलटवल्या!"

"तेच तर! जुनी रेकॉर्ड आहे, दोन्ही बाजूंना एकच गाणं आहे. एक बाजू उलटी झाली, की स्पीकरमध्ये दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. घुंईसारखं गाणंही कापलं गेलं. पुन्हा होतं तसं करा."

बाबूसिंगने आयुष्यात पहिल्यांदा पलटवलेलं पुन्हा पलटवलं. सगळी ओसरी त्याच्या हाताकडे बघत होती आणि त्याला घाम फुटला होता. देवानंदरावांनी सुई उचलून सुरुवातीला ठेवली.

आणि बाया गाऊ लागल्या. त्यांच्या आवाजाखाली काही म्हणता काही नव्हतं. टाळ्या सुट्या सुट्या वाजत होत्या. एक बाई ओळीच्या आधी श्वास घ्यायची, तोसुद्धा ऐकू येत होता. तुळसाबाईंच्या डोळ्यांना पदर लागला. अर्जावरच्या एकतीस सह्या त्या क्षणी माफ झाल्या, असं देवानंदरावांना वाटलं.

"यातली सुंदर कोन्ती व?" तुळसाबाईंनी खिरापत ओळखावी तसं विचारलं. कोणी म्हणालं ती नाजूक आवाजाची, कोणी म्हणालं पहिली. देवानंदरावांनी हात वर केला. "ती उंच सुराची. सगळ्यात वर जाते ती. माही आई."

"एकही नाही," नानाजी म्हणाले.

सगळ्यांच्या माना नानाजींकडे वळल्या. तबकडीवर बाया गातच होत्या.

"नानाजी, नीट आयका..."

"नीटच आयकून राह्यलो. या पाचच आहेत. तिले कुठं सूर व्हता? कंपनीचा मानूस म्हने, बाई, तुमी निरे ओठ हालवा आन् टाया वाजवा. नाव मात्र छापलं. फोटोत सहा जनी पाह्यजे व्हत्या."

असा धक्का देवानंदरावांना तीन पिनांनी दिला नव्हता, पाइपलाइनने दिला नव्हता, बायकोच्या सहीनेही दिला नव्हता. मोहनसिंग सर छताकडे बघू लागले. "म्हंजे आई जन्मभर खोटं..." देवानंदराव म्हणाले.

"खोटं कायले? रेकॉर्ड निघालीच ना तिची!" नानाजी म्हणाले आणि एकदम बोट वर केलं. "चूप! चूप बसा सगये."

दुसरं गाणं चालू होतं. ओळ संपली, आणि पुढची सुरू व्हायच्या आधी, टाळ्यांच्या मधोमध, कोणीतरी हसलं. दाबून धरलेलं आणि तरी निसटलेलं, अर्ध्या श्वासाचं हसू. घुंईखाली हे कधी कोणाला ऐकूच आलं नसतं.

"हे," नानाजी म्हणाले. "हे सुंदर आहे."

ते हसू देवानंदरावांना माहीत होतं. शाळेतून पाटी फोडून आल्यावर आई आधी रागवायची आणि मग असंच हसायची.

"मी बी गेलतो नागपूरले," नानाजी सांगू लागले. "तू चार वर्साचा, आत्याजवळ ठेवलं व्हतं तुले. मले काचीच्या खोलीत बसवलं. तिथल्या मानसानं गंमत म्हून माह्या कानाले ते मोठे मोठे डबे लावले. आयुष्यात पयल्यांदा असं आयकलं मी, जशा बाया माह्या कानातच बसून गाऊन राह्यल्या. मी अशी बोंब मारली, आयकू येऊन राह्यलं वं! काचीतून आवाज काही गेला नाही. पन माहं तोंड दिसलं तिले. बाकीच्या पाची गात राह्यल्या, आन् हे हसली. टेप महाग व्हती, तो मानूस म्हने राहू द्या. लय बोलला तिले. गावात येयेपर्यंत ते माह्याशी बोलली नाही."

निताताईंच्या हातात खिरापतीचा डबा तसाच होता. नानाजी स्पीकरकडे सरकले, मशीन बोटानं कानात घट्ट दाबलं आणि म्हणाले, "देवा, तिथंच ठेव."

देवानंदरावांनी सुई उचलून मागे ठेवली. डोळे भरून आल्यामुळे त्यांना तबकडी नीट दिसत नव्हती. बाया गाऊ लागल्या. ओळ संपत आली तसे नानाजी ताठ बसले आणि सगळ्या पुष्पांजली कॉलनीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "आयकू येऊन राह्यलं वं, सुंदर!"

आणि लगेच, जराही वेळ न लावता, सुंदरबाई हसल्या.